जनुक सापडले, पण कोणाचे?

गेल्या सत्रात पदव्युत्तर वर्गाच्या प्रात्यक्षिकात माझ्या हातून एक चूक झाली आणि ती माझ्याच अक्षरात, सगळ्या वर्गासमोर, फळ्यावर लिहिली गेली. विद्यार्थ्यांनी स्वतःच्या नाकपुड्यांतून स्वॅब घेतले होते आणि नमुन्यांवर नावांऐवजी आकडे टाकले होते. वेळ वाचवण्यासाठी आम्ही रात्रभर मिठाच्या ब्रॉथमध्ये वाढवलेल्या त्या नमुन्यांतून सकाळी थेट डीएनए काढून पीसीआर (डीएनएचा ठरावीक तुकडा लाखो पटींनी वाढवणारी चाचणी) लावला. कोणता तुकडा वाढवायचा हे ठरवणाऱ्या प्रायमरच्या दोन जोड्या होत्या. एक ‘नुक’ या जनुकासाठी, जे स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूची ओळखखूण मानले जाते. दुसरी ‘मेक-ए’ या जनुकासाठी, ज्याच्या जोरावर हे जिवाणू मेथिसिलिन या प्रतिजैविकाला आणि त्याच्या कुळातील जवळजवळ सगळ्या औषधांना दाद देत नाहीत. दुपारी जेल (ज्यात डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे होतात) अतिनील प्रकाशाखाली धरल्यावर सात क्रमांकाच्या नमुन्यात दोन्ही पट्टे लख्ख उमटलेले दिसले: नुकचा डीएनएच्या पावणेतीनशे अक्षरजोड्यांच्या आसपासचा आणि मेक-एचा ५३३ जोड्यांचा. मी खडू उचलला आणि लिहिले, ‘नमुना ७ : एमआरएसए’, म्हणजे मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस.

संध्याकाळी एक विद्यार्थिनी माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. आकडे गुप्त ठेवायचे ठरले होते, पण तिने स्वतःच सांगितले की सात क्रमांक तिचा आहे. “मॅडम, पुढच्या महिन्यात माझ्या आजीचे गुडघ्याचे ऑपरेशन आहे आणि आम्ही दोघी एकाच खोलीत झोपतो. मी आता काय करू?” तिला उत्तर द्यायला मी तोंड उघडले आणि त्याच क्षणी माझ्या लक्षात आले की फळ्यावर लिहिलेला निष्कर्ष त्या जेलवरून काढताच येत नाही.

का येत नाही, हे समजण्यासाठी नाकाच्या आत कोण कोण राहते ते आधी पाहावे लागेल. स्टॅफिलोकॉकस हे नाव अलेक्झांडर ऑगस्टन या ॲबर्डीनच्या शल्यचिकित्सकाने दिले. १८८० च्या सुमारास गळवांतील पू सूक्ष्मदर्शकाखाली तपासताना त्याला गोल जिवाणूंचे द्राक्षांसारखे घोस दिसले, म्हणून द्राक्षांच्या घोसासाठी असलेला ग्रीक शब्द त्याने उचलला. पुढे १८८४ मध्ये रोझेनबाख या जर्मन वैद्याने वसाहतींच्या रंगावरून त्यांचे सोनेरी आणि पांढरे असे दोन भाग पाडले. सोनेरी तो ऑरियस. केस्तूड, गळवे, जखमेतला पू, आणि रक्तात शिरला तर हृदयाच्या झडपांपर्यंत पोहोचणारा संसर्ग, ही त्याची कामे. तरीही साधारण दहांतील तीन निरोगी माणसांच्या नाकात तो काहीही न करता बसलेला असतो. पांढऱ्यांपैकी मुख्य तो एपिडर्मिडिस, आणि तो तर प्रत्येकाच्या त्वचेवर जन्मभर असतो. आपल्या कपाळावर, काखेत, नाकपुडीच्या कडेला त्याची वस्ती आहे. दवाखान्याच्या अहवालात तो दिसला, तर बहुतेक वेळा ‘त्वचेवरून आलेली भेसळ’ असा शेरा मारून त्याला बाजूला सारले जाते.

नाकातून काढलेल्या स्वॅबवर हे दोघेही असू शकतात, आणि मिठाच्या ब्रॉथमध्ये दोघेही आनंदाने वाढतात, कारण मीठ सोसणे हा या सगळ्या कुटुंबाचाच गुण आहे. आता मेक-ए हे जनुक ऑरियसपुरते मर्यादित नाही. किंबहुना ते एपिडर्मिडिसमध्ये फार सर्रास आढळते. त्यामुळे नमुना ७ मध्ये नुकचा पट्टा ऑरियसचा आणि मेक-एचा पट्टा शेजारच्या एपिडर्मिडिसचा, असे सहज असू शकते. एकाच खोलीत एक सज्जन आणि एक चाकूवाला बसले असावेत आणि दाराबाहेरून आपण ‘आत चाकूवाला सज्जन आहे’ असे जाहीर करावे, तसला हा प्रकार. दोन पट्टे एकाच नळीत दिसले म्हणून ते एकाच पेशीतून आले, हे मी गृहीत धरले होते. वीस वर्षे शिकवूनही.

मेक-ए नेमके करते काय, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. जिवाणूच्या पेशीभोवती एक भक्कम भिंत असते आणि तिच्या विटा एकमेकींत गुंफण्याचे काम काही विकरे करतात. पेनिसिलिन आणि त्याची भावंडे नेमकी या विकरांना जाऊन चिकटतात, मग गुंफण थांबते, भिंत कच्ची राहते आणि पेशी फुटते. या औषधावर जिवाणूंनी काढलेला पहिला उतारा सोपा होता: औषधच कापून टाकणारे पेनिसिलिनेज हे विकर. पेनिसिलिन नुकतेच वापरात येत होते तेव्हाच, म्हणजे १९४२ मध्ये, पेनिसिलिनला न जुमानणारे ऑरियस नोंदवले गेले होते. त्या कात्रीला कापता येणार नाही असे औषध म्हणून १९५९ मध्ये ब्रिटनमध्ये मेथिसिलिन आले. १९६१ मध्ये लंडनच्या कॉलिंडेल येथील संदर्भ प्रयोगशाळेतल्या पॅट्रिशिया जेव्हन्स यांनी कळवले की रुग्णालयांकडून आलेल्या पाच हजारांहून अधिक ऑरियसांत त्यांना मेथिसिलिनला न जुमानणारे तीन सापडले आहेत. या तिघांचा उतारा वेगळा होता. औषध कापण्याऐवजी त्यांनी भिंत गुंफणारे एक नवेच विकर कामाला लावले होते, ज्याला ही औषधे जवळपास चिकटतच नाहीत. त्या विकराला पीबीपी २-ए म्हणतात आणि त्याची कृती मेक-ए या जनुकात लिहिलेली असते.

इथपर्यंतची गोष्ट पाठ्यपुस्तकात मिळते आणि ती ऐकताना असे वाटते, की मेथिसिलिन आले, जिवाणूंनी त्याला तोंड द्यायला मेक-ए घडवले. जनुकीय टायपिंगने, म्हणजे जनुकांवरून जिवाणूचा प्रकार आणि वंश ओळखण्याच्या पद्धतीने, ही गोष्ट उलटी केली. १९६० च्या दशकातले साठवून ठेवलेले एमआरएसए पुन्हा जिवंत करून त्यांचे संपूर्ण जीनोम वाचले गेले, आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामातून असा अंदाज निघाला की या वंशाने मेक-ए १९४० च्या दशकाच्या मध्यालाच मिळवले होते, मेथिसिलिन जन्माला येण्याच्या चौदा-पंधरा वर्षे आधी. मेथिसिलिनने त्याला घडवले नाही, फक्त उजेडात आणले. आधीचे बळ बहुधा पेनिसिलिनच्या भरमसाट वापराने दिले होते. त्याहून चकित करणारी गोष्ट मेक-सी या चुलत जनुकाची आहे. २०११ मध्ये वर्णन झालेले हे जनुक मेक-एशी जेमतेम सत्तर टक्के जुळते, त्यामुळे मेक-एच्या नेहमीच्या प्रायमरांना ते दिसतच नाही. २०२२ मध्ये असे दाखवले गेले की युरोपातील हेजहॉगांच्या (साळिंदरापेक्षा कितीतरी लहान असा तो काटेरी प्राणी) अंगावर मेक-सी बाळगणारे ऑरियस मोठ्या प्रमाणात आहेत, आणि त्यांचे वंश एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत मागे जातात. कारण त्याच प्राण्याच्या कातडीवर वाढणारी एक बुरशी पेनिसिलिनसारखी द्रव्ये तयार करते. माणसाने पेनिसिलिन शोधण्याच्या शंभर वर्षे आधी एका जनावराच्या पाठीवर हे युद्ध चालू होते. हे वाचले त्या दिवशी मी वर्गात ठरलेला विषय बाजूला ठेवून तासभर हेजहॉगवर बोलले होते, आणि त्याबद्दल मला आजही खंत नाही.

आता पुन्हा त्या दोन पट्ट्यांकडे. जनुक कोणाचे, हे ठरवायचे तर त्याचा पत्ता हवा. मेक-ए गुणसूत्रात एकटे बसत नाही. ते एका मोठ्या, हलवता येणाऱ्या डीएनएच्या पेटीत असते, जिला एससीसीमेक म्हणतात. जपानमधील हिरामात्सु यांच्या गटाने १९९९ मध्ये एन-३१५ या जातीत ही पेटी प्रथम उकलून दाखवली. पेटीत दोन महत्त्वाच्या गोष्टी असतात: मेक-ए आणि त्याचे नियंत्रण करणारा भाग, म्हणजे ‘मेक’ संकुल, आणि पेटी गुणसूत्रातून कापून काढणारी व पुन्हा चिकटवणारी विकरे, म्हणजे ‘सीसीआर’ संकुल. ही पेटी गुणसूत्रात वाटेल तिथे घुसत नाही. ‘ओआरएफ-एक्स’ नावाच्या जनुकाच्या शेपटीशी, एका ठरावीक जागीच ती बसते. टायपिंगसाठी ही फार सोयीची गोष्ट आहे. मेक संकुलाचा वर्ग आणि सीसीआरचा प्रकार यांच्या जोडीवरून पेटीला क्रमांक मिळतो: सीसीआर २ आणि मेक वर्ग बी असेल तर प्रकार ४, सीसीआर ५ आणि मेक वर्ग सी-२ असेल तर प्रकार ५, असे. आजवर चौदाहून अधिक प्रकार ठरले आहेत.

क्रमांक हे नुसते फाइलीत लावायचे लेबल नसते, हे विद्यार्थ्यांना पटवायला मला दरवर्षी वेळ लागतो. प्रकार २ ची पेटी ५३ हजार जोड्यांच्या आसपास लांब असते आणि तिच्यात मेक-एबरोबर इतर प्रतिजैविकांविरुद्धची जनुकेही भरलेली असतात. ती रुग्णालयात, जिथे चारी बाजूंनी औषधांचा मारा असतो, तिथे कामाची. बाहेर मात्र ते ओझेच. प्रकार ४ ची पेटी त्याच्या निम्म्याहून लहान असते आणि तिच्यात मेक-ए सोडून सहसा फारसे काही नसते, त्यामुळे ती बाळगणारा जिवाणू हलका, चपळ राहतो आणि रुग्णालयाबाहेरच्या धडधाकट माणसांतही टिकून राहतो. तालमीतल्या किंवा वसतिगृहातल्या मुलाला लागोपाठ केस्तुडे येत राहिली आणि त्यातून एमआरएसए निघाला, तर मी पैज लावून सांगेन की पेटी ४ किंवा ५ असेल. २ किंवा ३ नव्हे.

ओआरएफ-एक्सचा पत्ता ठाऊक झाल्यावर माझ्यासारख्यांच्या चुकीवर उपायही निघाला. २००४ मध्ये क्वेबेकमधील संशोधकांनी अशी पीसीआर मांडली की जिचा एक प्रायमर पेटीच्या कडेवर आणि दुसरा ऑरियसच्याच ओआरएफ-एक्सवर बसतो. दोघांच्या मधला तुकडा वाढला, तर पेटी ऑरियसच्याच गुणसूत्रात आहे, शेजाऱ्याच्या नाही. मिश्र स्वॅबवर थेट चालणाऱ्या आजच्या जलद चाचण्या याच कल्पनेवर उभ्या आहेत. पण निसर्गाने इथेही एक खोडी करून ठेवली आहे. काही ऑरियसांमध्ये पेटीची कड शिल्लक असते आणि आतले मेक-ए मात्र गळून गेलेले असते. कड सापडते, चाचणी ‘आहे’ म्हणते, आणि जिवाणू साध्या औषधाने मरतो. खोका आहे, पण आत माल नाही. म्हणून नव्या चाचण्या कड आणि मेक-ए दोन्ही मागतात, आणि मग पुन्हा तोच प्रश्न उभा राहतो, की रिकामा खोका ऑरियसचा आणि माल एपिडर्मिडिसचा असला तर? या प्रश्नाला पीसीआरमध्ये पूर्ण उत्तर नाही. त्याचे उत्तर जुन्याच पद्धतीत आहे: जिवाणू प्लेटवर पसरवा, एकेक वसाहत वेगळी करा, आणि मग एकाच वसाहतीला प्रश्न विचारा.

तेच आम्ही दुसऱ्या दिवशी केले. त्या विद्यार्थिनीने, आता तोंडावर थोडा रंग परतलेला होता, स्वतःच्या नमुन्याची मॅनिटॉल सॉल्ट अगारवर, म्हणजे ऑरियस ज्याला पिवळे करतो अशा खारट माध्यमावर, रेघ ओढली. दीड दिवसाने प्लेटवर दोन प्रकारच्या वसाहती स्पष्ट दिसत होत्या: काहींच्या भोवतीचे माध्यम पिवळे झालेले, तर बाकीच्या बारीक, पांढऱ्या, गुलाबी माध्यमावर तशाच बसलेल्या. पिवळ्यांतून तीन आणि पांढऱ्यांतून तीन अशा सहा वसाहती उचलून पुन्हा पीसीआर लावला. सोबत नेहमीप्रमाणे एटीसीसी ४३३०० ही मेक-ए असलेली आणि एटीसीसी २५९२३ ही नसलेली जात ठेवली. पिवळ्या तिन्ही वसाहतींत नुक होते, मेक-ए नव्हते. पांढऱ्यांत मेक-ए होते, नुक नव्हते. सेफॉक्सिटिन या मेथिसिलिनच्या नातलग औषधाच्या ३० मायक्रोग्रॅमच्या चकतीभोवती पिवळ्यांचे, जिवाणू न वाढलेल्या जागेचे वर्तुळ २२ मिलिमीटरच्या मर्यादेच्या बरेच पुढे गेले. म्हणजे ऑरियस होता, तो साध्या औषधांना दाद देणारा होता, आणि चाकू शेजाऱ्याच्या खिशात होता. मी फळ्यावरची जुनी ओळ पुसली नाही. तिच्यावर काट मारून खाली नवी लिहिली, म्हणजे दोन्ही वाचता येतील.

वर्गाला मात्र आता टायपिंगची चटक लागली होती, आणि वसाहत एमआरएसए असती तर पुढे काय केले असते, हा प्रश्न आला. तेव्हा दुसऱ्या दोन पद्धती सांगाव्या लागल्या. पहिली स्पा टायपिंग. ऑरियसच्या प्रोटीन-ए या प्रथिनाच्या जनुकात २४ अक्षरांचे तुकडे पुन्हा पुन्हा येतात. कोणते तुकडे, कोणत्या क्रमाने, किती वेळा, यावरून ‘टी’ क्रमांक मिळतो. एकच जनुक वाचायचे असल्याने ही पद्धत स्वस्त आहे आणि युरोपात तिचा मोठा बोलबाला आहे. दुसरी एमएलएसटी, २००० मध्ये ऑरियससाठी मांडली गेलेली. पेशीच्या रोजच्या संसाराला लागणाऱ्या सात जनुकांचा प्रत्येकी साडेचारशे-पाचशे अक्षरांचा तुकडा वाचायचा, प्रत्येक आवृत्तीला आकडा द्यायचा, आणि सात आकड्यांच्या मालिकेला ‘एसटी’ क्रमांक. या पद्धतीचा फायदा असा की पुण्यात वाचलेला आकडा टोकियोतल्या आकड्याशी जसाच्या तसा जुळवता येतो. मर्यादाही तितकीच बोलकी आहे. एसटी २३९ हा अनेक वर्षे आशियातील रुग्णालयांवर राज्य करणारा वंश घ्या. सात आकड्यांत तो एसटी ८ पेक्षा एकाच ठिकाणी वेगळा दिसतो, त्यामुळे तो त्याचा धाकटा भाऊ वाटतो. प्रत्यक्षात त्याच्या गुणसूत्राचा जवळपास पाचवा हिस्सा एसटी ३० सारख्या दुसऱ्याच वंशाकडून आलेला आहे, आणि बदललेले ते एक जनुक नेमके त्या उसन्या तुकड्यात पडते. सात खिडक्यांतून घर पाहिले, सहा खिडक्यांत जुनेच फर्निचर दिसले, आणि एक अख्खी बाजू नव्याने बांधली आहे हे कळलेच नाही.

आपल्याकडे या आकड्यांना घरचा अर्थ आहे. २०१० मध्ये मुंबईतील एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेने प्रसिद्ध केलेल्या कामात दिसले की जुन्या, अनेक औषधांना दाद न देणाऱ्या एसटी २३९ ची जागा एसटी २२ आणि एसटी ७७२ घेत आहेत. एसटी ७७२ ला जगभर ‘बेंगॉल बे क्लोन’ म्हणतात, कारण तो प्रथम भारत आणि बांगलादेश या भागात लक्षात आला. २०१९ मध्ये त्याच्या शेकडो जीनोमांचा एकत्र अभ्यास झाला आणि त्यात असे दिसले की हा वंश भारतीय उपखंडातच १९६० च्या दशकात, मेथिसिलिनला दाद देणाऱ्या साध्या रूपात निघाला. मग १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अनेक औषधांविरुद्धची जनुके असलेला एक प्लाझ्मिड (डीएनएचा सुटा, फिरता तुकडा) त्याच्या पोटात शिरून बसला, आणि त्यानंतर त्यातली एक शाखा जगभर पसरली. युरोप-ऑस्ट्रेलियात सापडलेल्या रुग्णांचे कौटुंबिक किंवा प्रवासाचे धागे वारंवार आपल्या उपखंडाशी जुळत होते. या जिवाणूची मला वाटणारी धास्ती अशी की त्याने दोन्ही जगांतले वाईट गुण एकत्र केले आहेत. पेटी ५ मुळे तो हलका आहे आणि समाजात सहज फिरतो, पांढऱ्या पेशी फोडणारे पीव्हीएल हे विषही बहुधा त्याच्याकडे असते, आणि तरीही औषधांविरुद्धचा त्याचा साठा रुग्णालयातल्या जातींना शोभेल असा आहे. मघाची पैज आठवा: समाजातला एमआरएसए हलका असतो, म्हणून त्याला इतर औषधे लागू पडतात, असे आम्हाला शिकवले गेले होते. एसटी ७७२ च्या बाबतीत ते शिक्षण खोटे ठरले.

हे सगळे ऑरियसबद्दल झाले, आणि खरे सांगायचे तर जगातले बहुतेक टायपिंग त्याच्याबद्दलच झाले आहे. एपिडर्मिडिसला दुर्लक्षाचा वारसा मिळाला आहे. वास्तविक मेक-एच्या पेट्यांचे मोठे कोठार तोच आहे, आणि ऑरियसला त्यातून पुरवठा होत आला असावा असे मानायला आधार आहे. वर आणखी, धातू आणि प्लास्टिक हे त्याचे आवडते घर. कृत्रिम सांधा, हृदयाची कृत्रिम झडप, शिरेत दिवसेंदिवस ठेवलेली नळी, यांवर तो चिकट थर तयार करतो आणि त्या थराखाली औषधांचा फारसा प्रभाव पडत नाही. २०१८ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी चोवीस देशांतील ९६ संस्थांकडून आलेले एपिडर्मिडिस तपासले, तेव्हा जवळजवळ प्रत्येक उपयोगी औषधाला दाद न देणारे तीन वंश कोणाच्या लक्षात न येता जगभर पसरलेले आढळले. त्यांच्यात रिफॅम्पिसिनच्या निशाण्यावरचे ‘आरपीओ-बी’ हे जनुक अशा ठिकाणी बदललेले होते की रिफॅम्पिसिन तर निकामी झालेच, शिवाय व्हॅन्कोमायसिनचाही जोर कमी झाला. हे वाचल्यापासून रक्ताच्या कल्चरवर ‘भेसळ’ असा शेरा लिहिताना माझा हात थोडा अडखळतो. दोन बाटल्यांत एपिडर्मिडिस निघाला, तर ते दोन्ही एकाच वंशाचे आहेत का, हे पाहणे म्हणजे संसर्ग की भेसळ याचा निवाडा करण्याचा सगळ्यात प्रामाणिक मार्ग. पण आपल्याकडे तो किती ठिकाणी परवडतो?

परवडण्याचा मुद्दा निघाला म्हणून सांगते, जनुकापर्यंत पोहोचायला दर वेळी यंत्र लागतेच असे नाही. डी-चाचणी हे त्याचे माझे लाडके उदाहरण. एरिथ्रोमायसिन आणि क्लिंडामायसिन यांच्या चकत्या १५ ते २६ मिलिमीटर अंतरावर ठेवायच्या. ‘एर्म’ हे जनुक असलेला जिवाणू एरिथ्रोमायसिनचा वास लागला की आपल्या रायबोसोमवर (पेशीतील प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेवर) मिथाइलची खूण लावून क्लिंडामायसिनलाही बंद करतो, पण एरवी ते जनुक झोपलेले असते. त्यामुळे क्लिंडामायसिनचे गोल वर्तुळ एरिथ्रोमायसिनच्या बाजूने चपटे होते आणि इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखे दिसते. तेच ‘एमएसआर-ए’ हे दुसरे जनुक असेल तर एरिथ्रोमायसिन निकामी होते, पण वर्तुळ गोलच राहते आणि क्लिंडामायसिन निर्धास्तपणे देता येते. काही रुपयांच्या दोन चकत्यांत दोन जनुकांमधला फरक डोळ्यांना दिसतो. ही चाचणी न करता ‘क्लिंडामायसिन चालेल’ असे लिहिलेले अहवाल मी पाहिले आहेत, आणि त्याला आळसाखेरीज दुसरे कारण मला सापडत नाही.

आजीच्या ऑपरेशनमुळे म्युपिरोसिनचाही विषय निघाला. नाकात ऑरियस असलेल्या रुग्णाला सांधा बदलण्याआधी काही दिवस नाकात म्युपिरोसिनचे मलम लावायला सांगतात. त्यालाही उत्तर आहे: ‘म्युप-ए’ हे जनुक. ते प्लाझ्मिडवर असते, म्हणजे पेशीतून पेशीत उडी मारू शकते, आणि त्याचा एक नेहमीचा वाहक पुन्हा आपला पांढरा, सभ्य एपिडर्मिडिसच. कोपऱ्यावरच्या दुकानातून न विचारता आणलेली मलमे आठवडेच्या आठवडे चोळली की मरतो कोण आणि उरतो कोण, याचा हिशेब त्वचेवर गुपचूप चालू असतो. मी त्या मुलीला एवढेच सांगितले की आजीची तपासणी तिचे शल्यचिकित्सक त्यांच्या पद्धतीने करतील, आमच्या वर्गातल्या जेलचा तिच्याशी संबंध लावू नये, आणि हात धुण्याला कोणत्याही टायपिंगची वाट पाहावी लागत नाही.

संपूर्ण जीनोम वाचता आला, तर हे सगळे तंटे एका फटक्यात मिटतात. ऑरियसचा जीनोम साधारण २८ लाख अक्षरांचा. एसटी २३९ मध्ये त्यात सरासरी सहा आठवड्यांना एक अक्षर बदलते असा हिशेब निघाला आहे, त्यामुळे दोन रुग्णांच्या जिवाणूंत किती अक्षरांचा फरक आहे यावरून त्यांच्यातले अंतर मोजता येते. केंब्रिजच्या नवजात शिशू विभागात २०११ मध्ये असेच झाले. सुटेसुटे वाटणारे रुग्ण जीनोमने एका साखळीत जोडले, आणि विभाग स्वच्छ करून झाल्यावर चौसष्ट दिवसांनी पुन्हा एक बाळ बाधित निघाले तेव्हा नकळत जिवाणू बाळगणाऱ्या एका कर्मचाऱ्यापर्यंत माग गेला. आमच्याकडे असे यंत्र नाही. उणे ८० अंशांचा फ्रीझरसुद्धा शेजारच्या विभागाचा आहे आणि त्यातला एक कप्पा आम्ही गोड बोलून मिळवला आहे.

ती विद्यार्थिनी मात्र तिच्या पांढऱ्या वसाहतीला सोडायला तयार नव्हती. तिने प्रबंधिकेसाठी तोच विषय मागितला आणि पहिल्या महिन्यात एससीसीमेक टायपिंगच्या मल्टिप्लेक्स पीसीआर, म्हणजे एकाच नळीत अनेक प्रायमर असलेल्या, लावल्या. मला अपेक्षा होती प्रकार ४ ची. मेक संकुल वर्ग बी आले, म्हणजे अर्धी अपेक्षा बरोबर ठरली. सीसीआरच्या जेलवर मात्र २ चा पट्टा होता आणि ५ चाही. एक शक्यता अशी की पेटी ४ च्या शेजारी मेक नसलेली दुसरी पेटी बसली आहे; दुसरी अशी की दोन पेट्या एकमेकींत मिसळून नवीच झाली आहे; आणि तिसरी, जी मी आता सगळ्यांच्या आधी विचारात घेते, की वसाहत शुद्ध नाही. तिने ती वसाहत तीन वेळा पुन्हा एकेकटी करून पाहिली. तिन्ही वेळा दोन्ही पट्टे आले. एपिडर्मिडिसमध्ये असे पुष्कळदा होते, कारण क्रमांकांची ही व्यवस्था ऑरियसच्या मापाने शिवलेली आहे. “जर्नलमध्ये काय लिहू?” असे तिने विचारले, आणि मी काही बोलण्याआधी स्वतःच लिहिले: ‘मेक वर्ग बी, सीसीआर २ व ५, प्रकार ठरला नाही.’ मी खाली तारीख टाकून सही केली.